सरड्याची खोली

कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी काकाजी खोली मोजत. टेप वगैरे काही नाही, पावलांनी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाचेला पंजा लावत जायचे, मग आडवे जायचे, एकदा छताकडे बघायचे आणि निकाल द्यायचे. "सहा माणसं झोपतात. नुसते बसवाचे असन तं दहा." घरची बाई पाण्याचा गडवा हातात धरून उभी असायची. ती तिची बैठकीची खोली असायची, नवा सोफा घातलेली. काकाजींच्या हिशेबात सोफा धरलेला नसे.

त्यांची उभी हयात तुरुंगात गेली. आतल्या बाजूने नाही, बाहेरच्या. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि तुमसरला स्वतःच्या घरी परतले. येताना जेल सोबत घेऊन आले. दिवेलागणीला अंगणात उभं राहून ते गिनती करायचे. घरात माणसं किती, तर ते आणि त्यांचा भाडेकरू म्हणून मी. बायको वारून बरीच वर्षं झालेली. तरी मोठ्याने म्हणायचे, "डॉक्टर एक, मी एक. बरोबर." मी गावी गेलेला असलो तर "डॉक्टर रजेवर" म्हणायचे, असं शेजारणीने मला सांगितलं. गिनती झाली की काठी घेऊन घराला एक फेरी. प्रत्येक खिडकीचा प्रत्येक गज काठीने ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचं. एकदा मी वैतागून विचारलं, हे कायले करता म्हणून. म्हणाले, "गज खणखणला पाहिजे. बद्द आवाज आला की समजाचं, कोणीतरी कापून ठेवला." मी खिडकीच्या आत जेवत बसलेलो होतो. माझे गज मी कशाला कापणार होतो, ते मी विचारलं नाही.

डॉक्टर म्हणजे मी. खरं तर मी पशुधन पर्यवेक्षक. गाई-म्हशींना लस टोचायची, शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, पोट फुगलेल्या बैलामागे धावायचं, हे माझं काम. गावोगावचे लोक डॉक्टर म्हणतात आणि मी काही त्यांना अडवत नाही. माझं घर अड्याळला, नोकरी तुमसर तालुक्यात. रोज येऊन-जाऊन करणं कंबरेला परवडेना म्हणून खोली बघितली. काकाजींची मागची खोली मिळाली. दहा बाय बारा, एक खिडकी, एक दार. खोली द्यायच्या आधी त्यांनी सवयीने पावलं टाकली आणि म्हणाले, "तशी पाच जणांची आहे. तुमी एकटे. ऐश करा."

त्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. बाहेरून होती, चांगली जाड, लोखंडी. आतल्या बाजूला स्क्रूची चार भोकं होती, म्हणजे कधीतरी कडी होती आणि कुणीतरी काढली होती. बल्बचं बटणही दाराबाहेर, ओसरीच्या भिंतीवर. दाराच्या खालच्या फळीवर ओरखडे होते, आडवेतिडवे, रंग खरवडून लाकूड उघडं पडलेलं. मला वाटलं, घुशीचं काम. कडीचं म्हणालो तर काकाजी म्हणाले, "इथं चोर येत नाई. आला तं मले गिनतीत कळते." मी दाराला पाण्याची बादली लावून झोपायला लागलो. माणसाला कशाचीही सवय होते.

तसा माणूस वाईट नव्हता. बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, मासळी आणली की माझ्या वाट्याची तर्री वेगळी काढून ठेवायचे. माझ्या गाडीचं पंक्चर स्वतः नेऊन काढून आणायचे. कुणाच्या मयतीत, कुणाच्या लग्नात राबायला पहिले. पण गल्लीतली लेकरं त्यांच्या अंगणात चेंडू गेला तर आणायला जात नसत. ते काही बोलायचे नाहीत, नुसते उभे राहून बघायचे, आणि लेकरू आपोआप रांगेत उभं राहिल्यासारखं व्हायचं.

एका रविवारी मी त्यांना गाडीवर बसवून आंबागडला नेलं. माझं गावात म्हशीचं काम होतं, ते उरकून गडावर चढलो. जुन्या काळी तिथं कैदी ठेवत असं आमच्याकडे सांगतात. काकाजी सगळा गड सोडून तेवढीच अंधारी कोठडी बघायला आत शिरले. मी बाहेर शेंगदाणे खात बसलो. बराच वेळ आतून पावलांचा आवाज येत होता. बाहेर आले ते धोतराची धूळ झटकत. "दोघांची जागा आहे," म्हणाले. "पण दोन ठेवत नसन. दोन ठेवले तं एकमेकाशी बोलतात. एकटाच ठेवला की लवकर सरळ होते." मी म्हटलं, "सरळ होते का मरते?" त्यावर त्यांनी माझ्या हातातले शेंगदाणे घेतले आणि गड उतरायला लागले.

त्यांना एक मुलगा आहे, हे मला वर्षभर माहीत नव्हतं. कळलं ते तो गेला तेव्हा.

पुण्याला कुठल्याशा कंपनीत होता. बारावी झाल्यावर घरातून गेला तो परत राहायला आलाच नाही. दिवाळीला फोनवर बोलणं व्हायचं, तेही काकाजींनी लावला तर. खोलीवरचे सोबती सणाला आपापल्या गावी गेलेले, हा एकटा, तापाने फणफणलेला. फोन उशाशी होता. त्यानं कुणालाही लावला नाही. ना सोबत्यांना, ना दवाखान्यात, ना घरी. सोबती परत आले तेव्हा सगळं संपलेलं होतं. ही बातमी आली तेव्हा काकाजी खिडकीचे गज ठोकत होते. त्यांनी फोन ऐकला, ठेवला, आणि राहिलेल्या दोन खिडक्या ठोकून मगच ओसरीवर येऊन बसले. मी तेव्हा त्यांना मनात दगड म्हटलं होतं.

काकाजी पुण्याला जाऊन परतले ते स्टेशनवरून ऑटोने. पाठीला मुलाची बॅग आणि मांडीवर चादरीत गुंडाळलेली काचेची पेटी. ओसरीवर पेटी ठेवली, चादर काढली आणि मला विचारलं, "डॉक्टर, हे जनावर तुमच्या खात्यात येते का?"

आत एक सरडा होता. आपल्या कुंपणावरचा नव्हे. हातभर लांब, चपटा, पिवळट करडा, गळ्याखाली काट्यांची दाढी. सोबत्यांनी सांगितलं होतं, बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्याला, मूळ ऑस्ट्रेलियाकडचा, हल्ली लोक घरात पाळतात. मुलानं तो पिल्लू असताना आणला होता. ऑफिसातून आला की खांद्यावर बसवून स्वयंपाक करायचा म्हणे. पेटी त्या पिल्लाच्या मापाची होती, जेमतेम दीड फुटांची. आता सरड्याचं नाक एका काचेला लागे आणि शेपूट दुसऱ्या काचेशी दुमडे. वर एक दिवा होता, ऊन द्यायचा.

मी म्हटलं, "काकाजी, माझ्या खात्यात चार पायांची अन् दूध देणारी येतात." ते म्हणाले, "चार पाय तं आहेत." थोडं थांबून म्हणाले, "हे मेलं नाई पाहिजे, डॉक्टर. त्याच्या हातचं एवढंच एक जिवंत आहे."

मी कामाला लागलो.

माझ्या एका मित्राच्या भावाचं नागपूरला पाळीव प्राण्यांचं दुकान होतं. त्याला फोनवरून व्हिडिओ दाखवला. त्यानं पहिल्यांदा पेटीलाच शिव्या घातल्या. म्हणाला, वाढलेल्या जनावराला कमीत कमी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पाहिजे. यातली लांबी महत्त्वाची. एका टोकाला दिवा, तिथं कडक ऊन; दुसऱ्या टोकाला सावली. याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. गार वाटलं की चालत उन्हाकडे जाईल, तापलं की चालत सावलीकडे. लहान पेटीत एक तर सगळीकडे ऊन नाही तर सगळीकडे गार. "जनावराले आपलं ऊन आपल्याले निवडता आलं पाहिजे, एवढी जागा द्याची," तो म्हणाला. काकाजी माझ्या खांद्यावरून वाकून ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यानं सोता ठरवाचं, कुठं बसाचं ते?" मी हाव म्हटलं.

सुरुवातीचे दिवस काकाजी खुशीत होते, कारण सरडा त्यांना सलाम करायचा. ते पेटीसमोर उभे राहिले की तो पुढचा एक पाय उचलायचा आणि सावकाश गोल फिरवून खाली ठेवायचा. काकाजी कडक उभे राहून परत सलाम ठोकायचे. शेजारणीला बोलावून दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. संध्याकाळच्या गिनतीतही भर पडली, "डॉक्टर एक, मी एक, सरडा एक." मला राहवलं नाही, मी नागपूरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, समोर मोठं जनावर दिसलं की कमजोर सरडा असं करतो. मी तुझ्या वाटेत येत नाही, मला मारू नको, असं सांगतो. हे मी काकाजींना सांगायला नको होतं की काय, अजून ठरवता येत नाही. सांगितलं खरं. त्यानंतर ते पेटीजवळ जाताना खाली बसून, जवळजवळ रांगत जायला लागले. साठी उलटलेला, सहा फुटी, मिशाळ माणूस सरड्याला भीती वाटू नये म्हणून फरशीवरून घसटत जातो, हे बघून हसायला हवं होतं. मला हसू आलं नाही.

चार फुटी पेटीसाठी आम्ही सुताराकडे गेलो. सागवानाची फळी, समोर सरकती काच, वर जाळी. मी माप सांगितलं. सांगाडा उभा राहिला तेव्हा काकाजींनी चपला काढल्या, धोतर सावरलं आणि सुतार बघत असताना ते त्या सांगाड्यात शिरून आडवे झाले. गुडघे पोटाशी घेतले, मान वाकवली आणि मावले. आतूनच म्हणाले, "हे लहान आहे, डॉक्टर."

"काकाजी, ते तुमच्या मापाचं नाई, सरड्याच्या मापाचं आहे."

"मले मालूम आहे मापाचं," ते म्हणाले. "पण लहान आहे."

सुतारानं रंधा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला हातानेच सांगितलं, तू कर तुझं काम.

पेटी उत्तम झाली. एका टोकाला विटांचा चौथरा आणि त्यावर दिवा, दुसऱ्या टोकाला आडोसा. सरडा सकाळी उन्हात येऊन बसायचा, दुपारी सावलीत जायचा. खाणं सुधारलं, रंग उजळला. बांधावरून पकडून आणलेले नाकतोडे तो असे टिपायचा की काकाजी टाळ्या वाजवायचे. माझ्या मते काम फत्ते झालं होतं. पण संध्याकाळी तो काचेशी यायचा आणि पुढच्या पायांनी काच खरवडायचा. फार वेळ नाही, थोडाच. नागपूरवाला म्हणाला, काचेत त्याला स्वतःचं रूप दिसत असेल, खालून हातभर कागद लावा, बंद होईल. काकाजी कागदाचं नावही काढू देईनात. "कोंडाचं अन् वरून डोळे बी झाकाचे?"

खर्र, खर्र. तो आवाज सुरू झाला की ते हातातला घास खाली ठेवायचे.

एका संध्याकाळी गिनती झाल्यावर ते गज ठोकायला गेलेच नाहीत. ओसरीवर माझ्याशेजारी बसले. आत पेटीत आवाज चालू होता. ते समोर बघत बोलायला लागले.

"मी त्याले मारलं नाई कधी. एक चापट नाई. जेलात बी मी कोणावर हात उचलत नव्हतो. पोट्टा खोटं बोलला, अभ्यास नाई केला, तं फक्त दार लावाचं. तुमच्याच खोलीचं."

"पह्यले लई खरवडे दार. बाबा, बाबा करे. मी इथंच बसून राहो, याच जागेवर. त्याची माय रडे, मी तिले बी उठू देत नव्हतो. आवाज देल्ल्यावर दार उघडलं तं माणूस शिकत नाई, असं आमाले नोकरीत शिकवलं होतं. आवाज बंद झाला की मंग उघडाचं. मंग एक दिवस त्याचं खरवडणंच बंद झालं. कोंडला तरी हूं नाई की चूं नाई. आत जाऊन पाहो तं भिंतीशी बसलेला, शांत." काकाजींनी तळहाताने तोंड पुसलं. "मले वाटलं, सुधरला."

मी उठलो, खोलीत गेलो आणि दाराच्या खालच्या फळीवर हात ठेवला. ते ओरखडे माझ्या मांडीच्या वर कुठेच गेले नव्हते. एक वर्ष मी त्यांना घुशीचे समजत होतो.

त्यानंतर काकाजींनी ठरवलं, पेटी नको, सरड्याला खोली द्यायची. तीच खोली. मला त्यांनी समोरची, त्यांची स्वतःची दिली आणि आपलं अंथरूण ओसरीवर टाकलं. मी समजावून बघितलं. जागा जास्त झाली तर ऊन पुरणार नाही, दिव्याची ऊब एवढ्या खोलीत कुठल्या कुठे विरून जाईल, थंडी तोंडावर आहे. ते ऐकत होते, मान हलवत होते आणि करायचं तेच करत होते. खिडकीची दारं काढून तिथं जाळी ठोकली, मोकळी हवा यावी म्हणून. दिवा चौथऱ्यावरून काढून वर आढ्याला टांगला. "जेलात रातभर लाइट जळते, डोळ्यावर. झोप लागत नाई माणसाले. याच्या डोळ्यावर कायले?" बटण ओसरीतून काढून आत घेतलं. सरडा काही बटण दाबणार नव्हता, पण मला त्या माणसाशी भांडायची ताकद राहिली नव्हती.

नेमकं तेव्हाच लसीकरणासाठी मला बपेऱ्याकडे जावं लागलं. मुक्काम तिथंच, शाळेच्या खोलीत. पहाटे जनावरं चरायला सुटायच्या आधी गोठे गाठायचे. त्या आठवड्यात थंडीने कहर केला. शेकोटीपाशी बसलं तर पाठ गोठायची, पाठ शेकली तर पोट. गोठ्यात शिरलं की म्हशीच्या अंगाला हात लावून उभं राहावंसं वाटायचं. एकदा मनात आलं की सरड्याची चौकशी करावी. फोन लावला, तर काकाजी म्हणाले, "एकदम मजेत. तुमी या, मंग दाखवतो." आवाजात आनंद होता. मी निश्चिंत झालो.

परतलो ती दुपारची वेळ होती. काकाजी अंगणात उभे राहून माझी वाट बघत होते आणि चक्क हसत होते. एवढ्या दिवसांत मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले.

"डॉक्टर, खरवडणं बंद झालं!"

"काय म्हणता?"

"खोलीत टाकलं, दोन-चार दिवसांत बंद. आता नुसतं शांत बसून राह्यते. म्हटलं नव्हतं मी तुमाले, चार फूट लहान आहे म्हणून? जागा पुरली त्याले."

ते पुढे, मी मागे. दार उघडून ते खाली बसले आणि रांगतच आत गेले. सरडा भिंतीशी होता, उघड्या फरशीवर. पिवळेपणा गेलेला, सगळं अंग काळवंडलेलं, डोळे अर्धे मिटलेले. मी उचलला तर फरशी आणि तो यांच्या गारव्यात काही फरक नव्हता. पोट तेवढं टम्म फुगलेलं. आढ्याचा दिवा वर तुळईला ऊब देत होता.

"काय खाते?" मी विचारलं.

"सोता नाई खात. तोंड उघडून ठेवलं तं गिळते. रोज भरवून राहिलो ना मी, नाकतोडे, भाजी."

"काकाजी, हे शांत नाई बसलं. हे गारठलं. ऊन नसलं तं याचं खाल्लेलं पचत नाई, पोटात सडते. हे मरून राहिलं."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. तिथंच राहिलं थोडा वेळ, निघायचं विसरल्यासारखं.

"पेटी कुठं आहे? पेटीत ठेवाचं, दिवा खाली आणाचा, सगळ्या बाजूनं झाकाचं. आत्ताच्या आत्ता."

"कोंडाचं म्हणता."

"हाव, कोंडाचं!" मी ओरडलोच.

ते उठले नाहीत. मी ओसरीवरून पेटी ओढत आणली, दिवा काढला, चौथऱ्यावर लावला, पोती टाकली. सरड्याला दिव्याखाली ठेवलं आणि काच सरकवायला गेलो तर काकाजींनी तोंड भिंतीकडे केलं. काच बसल्याचा खट आवाज झाला तसे त्यांचे खांदे हलले. मग ते त्या भिंतीलाच सांगत असल्यासारखे बोलले.

"तेव्हा बी मले असंच वाटलं होतं, डॉक्टर. आवाज बंद झाला म्हणजे बरं झालं."

मी दिव्याचा कोन नीट करत राहिलो.

"फोन उशाशी होता त्याच्या. पुण्याले सगळे मले विचारे, काहून नाई लावला कोणाले? एवढा ताप, अन् आवाज नाई देल्ला? मी म्हणो, मले काय मालूम." त्यांनी भिंतीवर कपाळ टेकलं. "कायले देईन तो आवाज? आवाज देल्ला म्हणजे दार उघडते, हे त्याले कोणी दाखवलंच नव्हतं."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. सरड्याच्या पाठीवर बोट ठेवून ऊब लागते का ते बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एकदा डोळे उघडले. काकाजी काचेसमोर पालथे पडून बघत होते. "खरवड," ते त्याला म्हणत होते, "खरवड ना रे, लेका. लागन तेवढं खरवड." सरड्यानं पुढचा एक पाय थोडासा उचलला, पण फिरवला नाही. दुपारी तो गेला. गाईच्या पोटात गॅस झाला तर मला सुई कुठं टोचायची ते माहीत आहे. इथं माझ्याकडे काहीच नव्हतं.

परसात चिकूच्या झाडाखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला. मला हात लावू दिला नाही. मी सरडा टॉवेलात घेऊन उभा होतो आणि ते खणतच होते. हातभर जनावराला पुरे झालं तरी खणत होते, माझी कंबर जाईल एवढा झाला तरी खणत होते. शेवटी खड्डा पावलांनी मोजला, टाचेला पंजा लावून. लांबी चांगली पुरुषभर होती.

"एवढा कायले, काकाजी?"

"राहू द्या," ते म्हणाले. "मोकळं राहू द्या."

किती माणसांची जागा आहे, ते त्या वेळी त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर कुणाच्या घरी गेल्यावर त्यांनी खोली मोजलेलीही मी पाहिली नाही. संध्याकाळची गिनतीही बंद झाली. काठी दाराच्या मागे उभी असायची. गज ठोकल्याचा आवाज नसल्यामुळे मलाच दिवेलागण झाल्याचं कळेना.

मी परत मागच्या खोलीत राहायला गेलो, त्याच दिवशी सुतार येऊन गेला होता. खिडकीला दारं लागली होती. आणि दाराच्या आतल्या बाजूला, त्या जुन्या चार भोकांवर, नवी कडी बसली होती. पितळेची, चकचकीत. काकाजी म्हणाले, "आतून लावून पाहा."

मी आत गेलो, दार लोटलं, कडी लावली. बाहेरून त्यांनी दार ढकललं. मग खांदा लावून ढकललं. दार हललं नाही.

"बसली का नीट?"

"बसली."

बाहेर शांत झालं. मला वाटलं गेले, पण पावलं वाजली नव्हती. मग दारावर टकटक झाली, अगदी हळू, आणि खूप खालून. ते खाली बसले असावेत. मी वर्षाहून जास्त काळ त्या घरात होतो. दार वाजवून आत यायला विचारलेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला ते नेहमी डॉक्टर म्हणत, तुम्ही म्हणत.

"येऊ का रे आत?" ते म्हणाले.

तो 'रे' माझ्यासाठी नव्हता. फळीवरच्या ओरखड्यांच्या पलीकडून पुन्हा तेवढाच हळू आवाज आला. मी कडीवर हात ठेवला आणि म्हटलं, "या, बाबा."